पहिल्या तोडीची पेटी

चाळिसाव्याच्या सकाळी अंगणातच देग चढली, कांदा तळला गेला, वर केवड्याचं पाणी पडलं, आणि घरातल्या एकालाही त्याचं काही वाटलं नाही. नूरीला मात्र ते लागलं. सासरे गुलाम रसूल हयात असते तर देग गल्लीच्या तोंडाशी गेली असती, आणि वारा कुठून कुठे वाहतो ते आचाऱ्याला आधी विचारलं गेलं असतं. आता त्यांना मातीखाली जाऊन चाळीस दिवस झाले होते, आणि घराला वासाची भीती उरली नव्हती.

चांद्याच्या जुन्या वस्तीतलं हे घर चहाचं. चहा आजूबाजूचा वास ओढून घेतो, हे कुठल्याही गृहिणीला माहीत असतं. पण तेवढ्यासाठी तीन पिढ्या अख्ख्या घरानं अंगावर फुलेल तेलाचा थेंब घेऊ नये, लोबान जाळू नये, हे अतीच म्हणायचं. ईदेच्या दिवशी या घरचे पुरुष उंबऱ्याबाहेर रस्त्यात उभे राहून अत्तर लावत आणि घरात शिरण्याआधी हात धूत. रसूलमियांकडे जाताना चपला आणि अत्तर दोन्ही बाहेर ठेवावं, असं मोहल्ला चेष्टेनं म्हणे. पोंभुर्ण्याच्या तलावात मासे धरणारा घनश्याम हा त्यांचा जिवाभावाचा दोस्त. पण तोही आयुष्यभर पायरीवर बसूनच चहा प्यायला. त्यात जातधर्माचं काही नव्हतं, मासळीचं होतं. गुलाम रसूल स्वतः आपला पेला घेऊन त्याच्या शेजारी पायरीवर बसत.

हे सगळं कशासाठी, तर मागच्या खोलीतल्या पेटीसाठी. गुलाम रसूलच्या वडिलांनी इकडचं कोसा रेशीम कलकत्त्याला नेऊन विकलं आणि परतताना रिकाम्या हातानं कशाला यायचं म्हणून दार्जिलिंगच्या डोंगरातला चहा आणला. तेव्हापासून होळी झाली की या घरातला एक माणूस वर जायचा, नेहमीच्या बागेतून वसंतातली पहिली तोड घेऊन यायचा. आसामचा दाणेदार चहा रंग देतो, कडकपणा देतो. त्यात डोंगरातल्या पानाची मूठ पडली की तो 'रसूल पहाडी' होतो. गडचांदूरच्या सिमेंटची धूळ घशात घेऊन घरी आलेला माणूस असो की ऊर्जानगरच्या क्वार्टरातली बाई, दोघांनाही हाच चहा लागे. ढग दारातून घरात शिरतात अशा कुठल्या उतारावर तो उगवतो, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

नूरीनंही तो उतार पाहिला नव्हता. बल्लारपूरहून लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांनी एकदा तिच्या ओंजळीत पान दिलं आणि काय वाटतं ते विचारलं. ओल्या दगडावर ऊन पडल्यावर येतो तसा वास आहे, ती म्हणाली. म्हातारा म्हणाला की बागेतल्या कारखान्याच्या मागे ओढा आहे, त्यात मोठाले दगड आहेत. त्या दिवसापासून मिश्रणाचं काम तिच्याकडे आलं. पुढे तिचा नवरा, म्हणजे थोरला मुलगा, तापानं गेला. काम तिच्याकडेच राहिलं.

आणि आता तिच्याकडे तेवढंच होतं. बापाच्या आधी मुलगा गेला तर त्या मुलाच्या लेकरांचा वाटा उरत नाही, हा कायदा घरात सगळ्यांना पाठ होता. घर, दुकान, नाव, सगळं धाकट्या अकरमचं झालं. गुलाम रसूलनी मनात आणलं असतं तर सुनेच्या आणि नातीच्या नावे काही ठेवता आलं असतं. पण विषय निघाला की ते म्हणत, पुढच्या तोडीनंतर बघू. अशा किती तोडी आल्या आणि गेल्या.

दफनाच्या दिवसापासून मागच्या खोलीची चावी अकरमच्या खिशात होती. नूरी रोज सकाळी ती मागून घेई आणि संध्याकाळी परत देई. आज चावी घेऊन ती आत गेली, दार लोटलं आणि पेटीचं झाकण उचललं. वास तसाच होता. पानांच्या खाली, पानांच्या आत, थंड आणि स्वच्छ, कापराचा.

तिची मुलगी आफ्रीन दारात येऊन उभी राहिली. ऊर्जानगरच्या एका शाळेत ती शिकवायची. आज रजा काढून आली होती. तिला सगळं माहीत होतं.

"अजून येते का वं अम्मी?"

नूरीनं मान हलवली. पानं तिनं मलमलीवर पसरून पाहिली होती, खिडकी उघडी टाकून पाहिली होती. पावसाळी हवेनं उलट ती आणखी मऊ पडली आणि वास आणखी आत गेला.

"मंग आज बोलू नोको," आफ्रीन हळूच म्हणाली. "तो नागपूरचा मानूस येऊन राह्यला. त्याले जे चाखायचं ते चाखू दे. तुह्या हातात हे एक काम हाय. तुनंच पेटी बिगडवली म्हटलं त मंग आपलं इथी काय राहते?"

नूरीनं झाकण लावलं. मुलगी खोटं बोलत नव्हती, आणि त्यामुळेच तिच्याकडे बघवेना.

झालं होतं ते असं. मे संपत आला होता, चांदा भट्टीसारखा तापला होता आणि गुलाम रसूल सकाळी नमाजाला उठले ते तिथेच कलंडले. पोंभुर्ण्याहून त्यांची बहीण यायची होती, म्हणून दफन असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर ठरलं. अंगणात पडदा लावून गुस्ल, म्हणजे मयताची अंघोळ झाली, शेवटच्या पाण्यात कापूर घातला, कपाळाला, तळव्यांना, गुडघ्यांना कापूर लावला, कफन बांधलं. एवढ्यात लाईट गेली. बैठकीतला कूलर बंद पडला, माणसं पाण्यानं निथळू लागली. कोणी बर्फ आणायला धावलं. तेव्हा नूरीच म्हणाली, त्यांना मागच्या खोलीत ठेवा. जाड भिंतींची ती एकच खोली घरात गार होती. म्हातारा दुपारी तिथेच चटई टाकून पडायचा. उन्हाची त्यांना भारी चीड होती, आणि शेवटच्या दिवशी त्यांना उन्हात ठेवायचं तिला जिवावर आलं. यंदाची पेटी तिथे होती, हे तिच्या ध्यानात होतं. झाकण बंद आहे, असंही तिला वाटलं होतं.

तिसऱ्या दिवसाची फातेहा झाल्यावर ती खोलीत गेली तर झाकण तिरकं होतं, आतल्या चंदेरी पन्नीची घडी उघडी होती. आपणच ते नीट बसवलं नसेल, एवढंच तिच्या मनात आलं. दुसरं कोणी त्या पेटीला हात लावत नव्हतं. तेव्हापासून ती गप्प होती. जेवताना गप्प, झोपताना गप्प, दुकानात नव्या पेटीचा चहा कधी येणार म्हणून गिऱ्हाईक विचारी तेव्हाही गप्प. मागच्या वर्षीचं उरलंसुरलं पान पुरवून पुरवून ती वापरत होती.

*

पोंभुर्ण्याच्या फुफीला घरात कोणी नावानं हाक मारल्याचं कोणाला आठवत नव्हतं. गुलाम रसूलची ती धाकटी बहीण. भाऊ गेल्यावर घरात तिच्या शब्दाला वजन आलं होतं आणि ते ती जपून वापरत होती. रडली मात्र नव्हती. आली, मयताचं तोंड पाहिलं, बायकांना दुआ शिकवल्या, आणि कोणाचं काय चुकतंय ते सांगत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नाही याची पाठीमागे चर्चाही झाली.

फातेहा आटोपली, पंगती उठल्या, तेव्हा ती बैठकीत खाटेवर टेकली आणि मनात हिशेब जुळवू लागली. सुरुवातीला ती नूरीच्या बाजूनं होती. पंचवीस वर्षं या बाईनं सासऱ्याची सेवा केली, तिला असं वाऱ्यावर सोडता येत नाही, असं तिनं अकरमला चारचौघांत सुनावलं होतं. पण अकरम पोंभुर्ण्याला दोनदा येऊन गेला. दुकान आता चालत नाही, लोक चकचकीत पाकिटं घेतात, नागपूरची पार्टी 'रसूल पहाडी' हे नाव मागते आहे. नाव आणि मालासकट सौदा झाला तर भाभीला आणि आफ्रीनला वरच्या दोन खोल्या जन्मभर राहायला देतो, असं त्यानं कुराणावर हात ठेवायच्या तयारीनं सांगितलं. कायद्यानं त्याला काहीच द्यायचं नव्हतं, तरी तो देतो म्हणत होता. मग फुफी त्याच्या बाजूला आली. त्यात तिला अन्याय दिसला नाही. फक्त खोल्या देणं आणि चावी देणं यात फरक आहे, हे तिच्या मनात अधूनमधून टोचे, आणि ती पदर सावरून दुसऱ्या विषयाकडे वळे.

नूरी पानाचं तबक घेऊन आली. फुफीनं तिला शेजारी बसवलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, की आज तो माणूस येईल तेव्हा चहा चांगला करशील, तुझ्याच भल्याचं आहे. नूरी बरं म्हणाली. मग तिनं विचारलं, की डोंगरावरून सीतादीदीचा परत फोन आला होता, तिला काय सांगू?

ही सीता बागेतली. तिच्या आजीनं गुलाम रसूलच्या वडिलांसाठी पेटी भरली होती, आईनं गुलाम रसूलसाठी, आणि आता ती. बागेत एकेका घराकडे झुडपांच्या ठरलेल्या ओळी असत. आईनं ज्या ओळीत पाटीचा पट्टा कपाळाला लावून दोन पानं आणि एक कळी खुडली, त्याच ओळीत लेक खुडायची. झुडपं इंग्रजांच्या काळातली, खुडणाऱ्या कुठल्याही बाईहून म्हातारी. गुलाम रसूल हे सगळं पायरीवर बसून घनश्यामला सांगत, तेव्हा फुफीनंही ते ऐकलं होतं. सीताची मुलगी ओळ सोडून शहरात कामाला गेली, बाग निम्मी पडीक झाली, म्हणून यंदा एकच पेटी मिळाली होती. दरवर्षी चहा कसा झाला ते गुलाम रसूल फोनवर सांगत. यंदा ते सांगायला नव्हते, आणि नूरीनं दोनदा काहीतरी कारण सांगून फोन ठेवला होता.

"सांग नं चांगली झाली म्हनून. त्यात काय विचारतं?" फुफी म्हणाली.

नूरी तबक उचलून उठली. तिच्या पाठीकडे पाहताना फुफीला वाटलं की या बाईच्या पोटात काहीतरी आहे.

*

अकरम सकाळपासून पाहुण्यांना वाढत होता. लोक त्याला सांगत होते, बापानंतर तूच आता घराचा खांब, आणि तो मान हलवत होता. खांबाला काय होतं ते खांबालाच माहीत.

चहा त्याला कधी कळला नाही. वडिलांनी लहानपणी त्याच्याही ओंजळीत पान दिलं होतं. त्यानं हुंगलं आणि म्हणाला, चहाचा वास येतो. वडील हसले, केस कुरवाळले, आणि पुन्हा कधी विचारलं नाही. थोरल्या भावाला नेलं डोंगरावर, त्याला गल्ल्यावर बसवलं. पुढे परक्या घरातून आलेल्या भाभीला जे दिसलं ते त्याला दिसलं नाही, याचा राग धरावा असंही काही नव्हतं. पण राग होता. सौदा करायला तो इतका उतावीळ का झाला, याचं निम्मं उत्तर त्यात होतं.

दुसरं निम्मं त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी जनाजा उचलण्याआधी तो खोलीत वडिलांपाशी क्षणभर एकटा होता. बाहेर माणसं पादत्राणं घालत होती. त्याला आठवलं की वडील प्रवासाला निघताना नेहमी खिशात पानाची पुरचुंडी ठेवत. नाक परक्या गावात बिघडतं, म्हणत. त्यानं पेटीचं झाकण काढलं, पन्नीची घडी उलगडली, मूठभर पान घेतलं आणि कफनाची घडी सैल करून वडिलांच्या उजव्या हाताशी ठेवलं. कफनात काही ठेवायचं नसतं. माणूस जसा आला तसा जातो, सोबत काही नेत नाही, हे त्याला मदरशात पहिल्या वर्षी शिकवलं होतं. मौलवींना कळलं असतं तर कफन उकलायला लावलं असतं, आणि फुफीनं त्याला जन्मभर माफ केलं नसतं. एवढ्यात माणसं आत आली. त्यानं झाकण पायानं ढकललं आणि बापाला खांदा द्यायला वाकला.

पुढे पेटीत काय झालं असेल, हे तो विचारायला घाबरला. आपण बापाला शेवटचं काही दिलं की शेवटचा गुन्हा केला, हे त्याला ठरवता येत नव्हतं. पेटी घरातून गेली की तो प्रश्नही जाईल, असं त्यानं धरलं होतं.

*

नागपूरचा माणूस पंगती आटोपल्यावर आला. मिथुन नाव, वय फार नाही, वागायला मऊ. कपाळाला हात लावून त्यानं गुलाम रसूलच्या फोटोला नमस्कार केला. त्याची आजी गडचांदूरला राहायची आणि तिच्याकडे हाच चहा यायचा, असं त्यानं सांगितलं, आणि ते खोटं वाटलं नाही.

घनश्याम त्याच्या आधीच येऊन पायरीवर बसला होता. आज मासळीला हातही लावला नाही, अंघोळ करून आलो, असं त्यानं आल्या आल्या जाहीर केलं होतं, तरी आत आला नाही. सवयीला काय करणार.

अकरम म्हणाला, भाभी, कोरा चहा करा, नुसत्या पहाडी पानाचा. नूरीनं पाणी ठेवलं. आफ्रीन तिच्याकडे पाहत होती, तिनं मुलीकडे पाहिलं नाही. पाणी उकळून जरा निवू दिलं, पानावर ओतलं, झाकलं, आणि गाळून पेले भरले. एक मिथुनला, एक फुफीला, एक अकरमला, आणि एक बाहेर घनश्यामला पाठवला.

मिथुननं घोट घेतला, थांबला, दुसरा घेतला. त्याचा चेहरा उजळला.

"वा. हे काय आहे? मागून थंड लागतं."

तो उत्साहानं सांगत गेला, की चहा तर त्यानं खूप चाखले, पण असा नाही. वेलदोडा नाही, पुदिना नाही, काहीतरी शुद्ध वाटतं. आत्ता लोकांना असंच वेगळं हवं असतं. हीच चव पाकिटात येणार असेल तर बोलणी झाली असं समजा. वहिनींनी फक्त काय मिसळलं ते दाखवावं.

पायरीवरून घनश्यामचा आवाज आला.

"कापूर हाय तो. आरतीचा वास येऊन राह्यला. रसूलभाऊच्या चहाले देवाचा वास कवा लागला गा?"

मिथुन हसला. कापूर, छान, म्हणाला. फुफीनं पेला ओठाला लावला होता. तिच्या नाकालाही तो वास आता ओळखू आला, पण तिला आरती आठवली नाही. तिनं पेला हळूच खाली ठेवला.

अकरमच्या छातीवरून मोठा दगड उतरला. माणसाला माल पसंत होता. हिंदू माणसाला कापूर म्हणजे देवघर; पिणाऱ्यालाही तसंच वाटेल. कोणाचं काही बिघडत नव्हतं. त्यानं भाभीकडे पाहिलं, आणि तिचं तोंड पाहून दगड पुन्हा जागेवर आला.

"तो मिसळला नाई, भाऊ," नूरी मिथुनला म्हणाली. "लागला. अब्बाले गुस्ल दिलं तवाचा कापूर हाय तो. मयत त्या खोलीत ठेवलं होतं. मीनंच ठेवाले लावलं, उन्हाची काहिली होती म्हनून. पेटी तिथंच होती."

"अम्मी," आफ्रीन म्हणाली.

"बोलू दे मले. पेटीचं झाकन माह्याच्यानं उघडं राह्यलं. घरात मी त्याची राखनदारीन, आन् माह्याच्यानं राह्यलं. सगळी पेटी गेली. हा चहा लोकायले पाजता येत नाई. माफ करा."

मिथुननं पेला दोन्ही हातांनी तबकात ठेवला. थुंकला नाही, तोंड वाकडं केलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, की वहिनी, तुम्ही सांगितलं नसतं तर कोणाला कळलं नसतं, आणि माझ्यापुरतं म्हणाल तर मी ऐकलं नाही असं समजू.

"मले कळलं असतं," नूरी म्हणाली.

फुफीच्या कपाळाची शीर उडत होती. नूरीनं एवढे दिवस हे लपवलं, सीताच्या फोनला खोटी कारणं दिली, आणि आपण हिच्यासाठी अकरमकडे शब्द टाकत बसलो, असं तिच्या मनात उसळलं. ती म्हणाली, की नाक हाच तुझा मान होता, आणि तोच तू घालवलास. आता अकरमनं जे ठरवलं ते निमूट मान. शब्द तोंडातून गेले आणि ते जास्त झाले हे तिला कळलं, पण शब्द परत घ्यायची तिला सवय नव्हती.

नूरीनं मान खाली घातली. कमरेची चावी सोडून तिनं अकरमपुढे तबकात ठेवली.

अकरम चावीकडे पाहत राहिला. एवढं सोपं होतं. भाभी सगळं आपल्या पदरात घेऊन निघाली होती, आणि त्यानं फक्त गप्प राहायचं होतं. त्याच्या हातात अजून पेला होता. काही करायला हवं म्हणून त्यानं घोट घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला चहात चहापलीकडचं काहीतरी लागलं. कापराखाली ओला दगड होता. त्याखाली ती खोली होती, दुपारची चटई, वडिलांची बोटं. डोळे भरून आले ते त्यानं लपवले नाहीत.

"पेटी भाभीनं नाई उघडली," तो म्हणाला. "मी उघडली."

फुफीनं वळून पाहिलं.

"जनाजा उचलाच्या पह्यले. मूठभर पान घेतलं आन् अब्बाच्या हाताशी ठेवलं. कफनात. मले मालूम होतं, ठेवाचं नसते. तरी ठेवलं. मानसं आली, मंग झाकन लावाचं राहून गेलं." त्यानं पेला खाली ठेवला. "आतापर्यंत भाभीले दोष घेऊ देला. म्या."

घनश्याम पायरीवरून उठून दारात आला होता. आफ्रीनचा हात तोंडावर होता. आता फुफी उठेल, तौबा करायला लावेल, मौलवींना बोलावेल, याची सगळे वाट पाहत होते. फुफी उठली नाही. तिचा चेहरा एकदम लहान झाल्यासारखा दिसू लागला.

"कोन्त्या तोडीची?" तिनं विचारलं.

अकरमला प्रश्न कळला नाही.

"पान. कोन्त्या तोडीचं ठेवलं त्याच्या हातात?"

"याच पेटीचं, फुफी. पह्यल्या तोडीचं."

फुफीनं मान हलवली. एकदा, मग पुन्हा. "बराबर केलं," ती म्हणाली. "दुसऱ्या तोडीचं असतं त उठून बसला असता तो." आणि बोलता बोलता तिला रडू फुटलं. बहीण भावासाठी रडते तसं, मोठ्यानं, मागचापुढचा विचार न करता. नूरी तिच्याजवळ जाऊन बसली. फुफीनं तिला ढकललं नाही, उलट तिचा हात घट्ट धरला. अल्ला त्याचं तो बघेल, मौलवीला सांगायची गरज नाही, असं ती रडतानाच म्हणाली. बाकीचं कोणाला नीट समजलं नाही.

मिथुन निघाला तेव्हा अकरम त्याला रस्त्यापर्यंत पोचवायला गेला. नाव विकायचं नाही, असं त्यानं सांगितलं. मिथुननं कारण विचारलं नाही. जाताना एवढंच म्हणाला की आजीला तो चहा आवडायचा, तर दुकान चालू ठेवा.

अकरम परत आला. चावी तबकातच पडून होती. त्यानं ती उचलली, क्षणभर हातात धरली, आणि भाभीच्या समोर ठेवली.

"संध्याकाळी परत देऊ नोका," तो म्हणाला. "माह्याजवळ ठेवून तिचं काम नाई." दुकानाचंही तो काही बोलू लागला, निम्मं आफ्रीनच्या नावे करतो असं काहीतरी; फुफीनं डोळे पुसत त्याला अडवलं, की बोलू नको, उद्या काझीकडे चल आणि लिहून दे.

घनश्याम अजून दारात उभा होता, पाय उंबऱ्याबाहेर ठेवून. नूरीनं त्याला आत बोलावलं. खोलीला आता जपण्यासारखं काही राहिलं नाही, पुढची पेटी येईपर्यंत तरी नाही. तो बिचकत मागच्या खोलीत गेला, इकडेतिकडे पाहिलं, आणि दोस्ताची चटई जिथे असायची तिथे भिंतीला टेकून बसला. मग त्यानं आणखी चहा मागितला, तोच, कापराचा. नूरीनं सगळ्यांसाठी केला. त्या पेटीतला चहा या घराबाहेर कोणाला द्यायचा नाही, आणि घरातल्यांनी टाकायचाही नाही, हे न बोलता ठरलं होतं.

पेले विसळत असताना तिचा फोन वाजला. डोंगरावरून सीता होती. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच नूरीनं तो लगेच उचलला. आधी दोघींनी हिंदीत खुशाली विचारली. तिकडे पाऊस होता, पत्र्यावरचा आवाज इकडे ऐकू येत होता. मग सीतानं विचारलं, दीदी, यंदाची पत्ती कशी झाली?

नूरीनं ओले हात पदराला पुसले. अब्बा बरोबर घेऊन गेले, तिनं सांगितलं. मूठभर हातात घेऊन गेले, बाकीची आम्ही घरातलेच पितो आहोत.

मग सीता म्हणाली की तिच्या ओळीतली झुडपं अजून चांगली आहेत, वसंतात तोड होईल, बाग चालू असो नसो ती खुडेल. पण नेहमीचे साहेब तर गेले. आता पेटी न्यायला वर कोण येणार?

नूरीनं अकरमकडे पाहिलं, फुफीकडे पाहिलं. दोघांनीही ते तिच्यावर सोडलं होतं.

"मैं," नूरी म्हणाली. "मैं आऊंगी, दीदी."